नवरीचा वजू

माझ्या लग्नाच्या दिवशी आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या वजूची जास्त काळजी घेतली गेली. नवरी जेवली का, तिची झोप झाली का, हे कुणी विचारलं नाही. जो तो येऊन भुवया उंचावून विचारायचा, "आहे ना अजून?" आणि मी मान डोलावली की समाधानानं परत जायचा.

वजू म्हणजे नमाजच्या आधीचं धुणं. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, मग ओल्या हातानं डोकं पुसायचं आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. एकदा नीट केला की तो मोडेपर्यंत टिकतो, एका वजूवर दोन-तीन नमाजाही होतात. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. मोडला तर नळाखाली जायचं, पुन्हा करायचा, थंडी असेल तर जरा कुरकुरायचं. पण नवरीच्या चेहऱ्यावर मेकअपचे थर चढले की गोष्ट बदलते. पाणी कातडीला लागलं पाहिजे. मेकअपवरून ओघळलेलं पाणी चालत नाही.

हे सगळं मी स्वतःहून ओढवून घेतलं होतं. सुपारी फुटली त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं होतं की कपडे कोणतेही आणा, दागिने कुणाचेही घाला, पण त्या दिवशीची एकही नमाज मी चुकवणार नाही. अब्बा म्हणाले, "बराबर आहे." अम्मीचं लग्न धावड्याला झालं होतं, तिच्या माहेरी. चेहऱ्यावर फुलांचा सेहरा, भोवती बायकांचा गराडा, आणि मधे बसलेली ती, अठरा वर्षांची. दुपारीच तिचा वजू गेला होता आणि लोटाभर पाणी मागायची तिला लाज वाटली. तिसऱ्या प्रहरची असर गेली, दिवस मावळतानाची मगरिब गेली. नंतर तिनं त्या कजा पढल्या, म्हणजे चुकलेल्या भरून काढल्या, पण वेळेवरची ती वेळेवरची, असं ती आम्हाला सांगायची. रागानं नाही, एखादी आवडती वस्तू एस.टी.त राहून गेल्यासारखं सांगायची. ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं होतं की आपलं असं होऊ द्यायचं नाही. शिवाय मी हट्टी आहे. माझ्याबद्दल एवढं कळलं तरी पुरे.

अम्मीची काळजी मात्र निराळी होती. साखरपुड्याला नवऱ्या मुलाच्या एका खालांनी, म्हणजे मावशीनं, माझी हनुवटी उचलून म्हटलं होतं, "नाकनक्शा छान आहे, रंग जरासा दबलेला." अम्मी त्यांना हसून शरबत देत होती, पण त्या दिवसापासून तिनं मनात काहीतरी पक्कं केलं. घनसावंगीत बसस्टँडजवळ जी पार्लरवाली आहे, तिच्याकडे ती स्वतः गेली, बाकीच्या नवऱ्यांचे फोटो बघितले आणि सगळ्यात भारी मेकअप ठरवून आली. मी म्हटलं, साधा चालेल. अम्मी म्हणाली, "तू तुझ्या नमाजचं बघ. चेहऱ्याचं मी बघते."

तेव्हा बेत असा ठरला. निकाह मगरिबनंतर. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या वेळी मी वजू करायचा, नमाज पढायची आणि लगेच पार्लरवालीसमोर बसायचं. असर आणि मगरिब त्याच वजूवर, मेकअपसकट. इशाला रात्री सासरी जाऊन तोंड धुतलं की झालं. कागदावर हे फार सोपं दिसतं. फक्त दुपारपासून दिवस मावळेपर्यंत वजू टिकवायचा.

कशानं मोडतो, याची यादी सगळ्यांना पाठ असते, पण ती मोठ्यानं म्हणायची वेळ कधी येत नाही. ती आली, कारण पार्लरवाली आमच्यातली नव्हती. ती बौद्ध घरातली, हसतमुख, हातानं आणि तोंडानं सारखीच चालणारी. पेटी उघडता उघडता ती म्हणाली, "ताई, हे तुटतं कशानं ते एकदा बैजवार सांगा बरं. मंग मला त्या हिशोबानं काम करता येतं."

माझी धाकटी बहीण तिथंच होती. तिनं बोटांवर मोजत सुरुवात केली. बाथरूमला गेलं तर. आडवं पडून झोप लागली तर. रक्त वाहिलं तर. तोंडभरून उलटी झाली तर. आणि... इथं ती अडली, कारण पलंगावर फुप्पू, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, तसबीहचे मणी फिरवत बसली होती.

"आणि काय?" पार्लरवालीनं विचारलं.

"वारा," बहीण हळूच म्हणाली.

"गॅस म्हणा की मंग. त्यात काय लाजायचं? आमच्या घरी असं राह्यलं असतं तर सासूबाईची एक वंदना झाली न्हाई म्हणून समजा."

फुप्पूच्या तसबीहचे मणी थांबले. मला वाटलं आता काही खरं नाही. पण फुप्पू खाली मान घालून हसत होती.

घरात आम्ही उर्दू बोलतो. म्हणजे आम्ही तिला उर्दू म्हणतो, लखनौच्या माणसानं ऐकली तर तो रडेल. त्यामुळे घरातलं बोलणं मी इथं मराठीतच सांगते आहे. फुप्पूच्या बोलण्याचा रुबाब तेवढा राहून जाईल. कारण फुप्पू म्हणजे आमच्या मोहल्ल्याचं कायद्याचं पुस्तक. कोणत्या जखमेवर पट्टी असेल तर काय करायचं, नथीच्या भोकात पाणी जायला हवं का, मेंदीनं वजू होतो पण नेलपॉलिशनं का होत नाही, हे सगळं तिच्याकडे. सकाळी तिनं माझी दहाही नखं खिडकीच्या उजेडात धरून तपासली होती.

खाण्यावर अम्मीचा पहारा होता. चण्याची डाळ नाही, मुळा नाही, वांगं तर नावही घ्यायचं नाही. मला दहीभात मिळाला, तोही चार घास. बाहेर अंगणात बिर्याणीचे डेग चढलेले, वास थेट खोलीत येत होता, आणि मी दहीभात गिळत होते. पाणी मागितलं तर बहीण अर्धा कप आणायची आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहायची.

मेकअप सुरू झाला. कसला कसला थर, त्यावर थर, मग ब्रश, मग स्पंज. पार्लरवाली मधेमधे मागं सरकून डोळे बारीक करून बघायची. "एकदम वॉटरप्रूफ हाय ताई," ती म्हणाली. "घाम येऊ द्या, रडा, काय बी करा. पाण्याचा थेंब आत जाणार न्हाई."

"तेच तर," फुप्पू पलंगावरून म्हणाली.

पहिलं संकट ओढणीच्या वेळी आलं. ओढणी डोक्यावर बसवताना पार्लरवालीच्या हातून पिन सटकली आणि माझ्या कानामागं टोचली. मी ओरडले. बहिणीनं ओढणी वर केली, पार्लरवालीनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि दोघीजणी माझ्या कानामागं वाकल्या. रक्त होतं. फुप्पू चष्मा लावून आली. बराच वेळ बघून म्हणाली, "टिंब आहे. वाहिलं नाही. आपल्या जागेवर थांबलं आहे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पार्लरवालीनं तर हातच जोडले. त्यानंतर ती प्रत्येक पिन लावायच्या आधी मला विचारायची, "लावू का?"

असरची अजान झाली तेव्हा ती माझ्या चेहऱ्यावर शेवटचा स्प्रे मारत होती. मी आरशात बघितलं. आरशातली बाई गोरी होती, देखणी होती, आणि माझ्या ओळखीची नव्हती. अम्मी दारातून डोकावली, बघितलं आणि निघून गेली. पण जाताना तिच्या चालीत जो तोरा होता तो मी कधी बघितला नव्हता. खालांना उत्तर तयार होतं.

मी उठले, जानमाज अंथरली. पार्लरवाली धावत आली. "ताई, कपाळ टेकणार ना? बेस निघून जाईल." तिनं पेटीतून एक पांढराशुभ्र टिश्यू काढला आणि मी सज्दा करणार तिथं अलगद ठेवला. फुप्पूनं बघितलं, विचार केला, म्हणाली, "चालेल. कपाळ टेकलं म्हणजे झालं." मग माझ्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला फुप्पू, अशा आम्ही तिघी आपापली नमाज पढायला उभ्या राहिलो. पार्लरवाली दाराबाहेर जाऊन उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून.

आता हे जे झालं ते फक्त नवरीच्याच बाबतीत होऊ शकतं. स्प्रे अजून वाळला नव्हता. मी सज्द्यात गेले, कपाळ टेकलं, उठून बसले, आणि टिश्यू माझ्याबरोबर उठून बसला. तो कपाळाला चिकटला होता आणि नाकावरून खाली हनुवटीपर्यंत लोंबत होता. मला समोर नुसतं पांढरं दिसायला लागलं. नमाजमधे हात उगीच हलवायचे नसतात, म्हणून मी वाट बघितली की तो आपोआप पडेल. तो पडला नाही. माझ्या श्वासानं तो वर जायचा, पुन्हा खाली यायचा.

शेजारी माझी बहीण हलायला लागली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो थडथड उडत होता. मी दात आवळले. डोळ्यांपुढं घरातल्या सगळ्या मयती आणल्या. दहावीचा गणिताचा पेपर आणला. पुन्हा सज्द्यात गेले, पुन्हा उठले, आणि या वेळी टिश्यूचं एक टोक माझ्या ओठांना चिकटलं. मी ते सोडवण्यासाठी हळूच फुंकर मारली. टिश्यूनं फर्र असा आवाज केला.

मी हसले. नुसती हसले नाही, पोटातून, घशातून, सगळ्या दुपारचं दाबलेलं जे होतं ते सगळं बाहेर आलं.

फुप्पूनं तिची नमाज पुरी केली. उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम. मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा न्यायाधीशासारखा झाला होता.

आमच्यात मसला असा आहे. नमाजमधे नुसतं स्मित आलं तर काही बिघडत नाही. हसू स्वतःपुरतं ऐकू आलं तर नमाज जाते, ती पुन्हा पढायची, वजू राहतो. पण शेजारच्याला ऐकू जाईल असं हसलं तर नमाजही जाते आणि वजूही जातो. फुप्पूनं हे शांतपणे सांगितलं आणि विचारलं, "तर सवाल एवढाच आहे की कुणाला ऐकू गेलं?"

मी बहिणीकडे बघितलं.

"मला नाही ऐकू आलं," बहीण म्हणाली. "मी स्वतःच हसत होते, तुझं कुठून ऐकू येणार?" म्हणजे तिची नमाज कधीच बुडाली होती. पण मेकअप माझ्या चेहऱ्यावर होता, तिच्या नव्हता, त्यामुळे तिला फिकीर नव्हती.

दार लोटून पार्लरवालीनं डोकं आत घातलं. सगळं कानावर पडलं असणारच. "मी तर ड्रायर चालू केल्ता," ती म्हणाली. ड्रायर पेटीत होता आणि पेटी बंद होती.

मग सगळ्यांचे डोळे फुप्पूकडे वळले. फुप्पू माझ्या डाव्या हाताला, एका वितीवर बसलेली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या सगळ्या थरांकडे, चिकटलेल्या पापण्यांकडे. मग तिनं उजव्या कानाला हात लावला. "हा कान मला तसाही कमी देतो," ती म्हणाली.

आमच्या घरात फुप्पूला कमी ऐकू येतं असं कुणी म्हटलं तर ती दोन दिवस जेवायची नाही. डॉक्टरपुढं सुद्धा तिनं ते कबूल केलं नव्हतं. आणि आज माझ्यासाठी तिनं तो कान देऊन टाकला. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की तिथल्या तिथं तिला मिठी मारावी असं वाटलं.

म्हणजे सुटका झाली होती. नमाज पुन्हा पढायची, चेहऱ्याला हात लावायचा नाही. मी खरं सांगते, मला बरं वाटलं. मी जानमाजची सुरकुती नीट करायला लागले. पण पाय पुढं होईना. त्या तिघींनी कानावर हात ठेवले होते, मला कान होते. मी किती मोठ्यानं हसले होते ते मला माहीत होतं. आणि दुसरीकडे अम्मीची ती मघाची चाल माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. चेहरा धुतला तर मी माझी नमाज वाचवणार आणि तिचं उत्तर धुऊन टाकणार. भिंतीवरचं ऊन चढत चाललं होतं, असरची वेळ काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

तेवढ्यात अम्मीच आत आली. हातात किल्ल्यांचा जुडगा, पदर कमरेला खोचलेला. तिनं आमच्या चौघींची तोंडं बघितली. माझ्या कपाळावर अजून टिश्यूचा एक तुकडा होता, तो बघितला.

"झाली का असर?" तिनं विचारलं.

फुप्पूच म्हणाली, "पढते आहे पुन्हा. जरा हसू आलं तिला. पण कुणाला ऐकू नाही गेलं. वजू आहे."

अम्मीनं फक्त बरं म्हणायचं आणि निघून जायचं, एवढंच बाकी होतं. सगळ्यात जास्त तिलाच तो चेहरा हवा होता. तिनं ठरवलेला, तिनं निवडलेला, ज्याच्यासाठी ती तीन महिने माझ्याशी भांडली होती तो.

"मी अंगणात होते," अम्मी म्हणाली. "टँकरवाल्याशी बोलत होते. मला ऐकू आलं. त्यालाही ऐकू आलं. म्हणाला, नवरी लई खूश दिसून राह्यली, काकू."

मग तिनं किल्ल्या पलंगावर टाकल्या, पार्लरवालीकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "हे सगळं काढा. जल्दी करा."

पार्लरवाली एकदम मागे सरकली. "अम्मी, पुन्हा करायला वेळ कुठाय? एवढा न्हाई व्हायचा."

"जेवढा होईल तेवढा करा."

तिच्या पेटीत तेलाची एक बाटली होती, त्या तेलानं ते सगळं पुसून काढावं लागलं. कापसाचे बोळे काळे, लाल, गुलाबी होऊन बशीत पडत होते. पापण्या काढताना मी रडले, दुखत होतं म्हणून. मग मोरीत साबणानं चेहरा धुतला आणि अम्मीनं माझ्या हातावर लोट्यानं पाणी घातलं. लहानपणी घालायची तसं, बारीक धारेनं, एक थेंब वाया न घालवता. डिसेंबरचं पाणी, बोटं बधिर झाली. अम्मी प्रत्येक वेळी म्हणत होती, "कोपर राहिला. टाच बघ." मी तिला म्हटलं, "अम्मी, खाला काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणू दे. त्यांना तोंड आहे." आणि माझ्या पायावर पाणी ओतलं.

असर मिळाली. ऊन अजून भिंतीवर होतं.

दुसऱ्यांदाचा मेकअप पार्लरवालीनं घाईघाईत, पुटपुटत केला. थोडं काजळ, थोडी पावडर, ओठांना रंग, बस. आरशात या वेळी मी होते, जरा सजलेली. सांगायला हरकत नाही, पुढं स्टेजवर त्या खालांनी माझ्या रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी बिर्याणीला नावं ठेवली.

मगरिबची अजान झाली तेव्हा बाहेर गडबड सुरू झाली होती. वरात आली होती, कुणीतरी हाका मारत होतं, फोन वाजत होते. बहीण, फुप्पू, सगळ्या पाहुण्यांना सामोऱ्या गेल्या होत्या. मी जानमाज अंथरली. टिश्यू ठेवला नाही, जे कपाळाचं व्हायचं ते होवो. मी उभी राहते तोच अम्मी आत आली, तिनं दाराला आतून कडी घातली आणि माझ्या शेजारी तिची जानमाज अंथरली. दिवसभर ती कुठं पढत होती, पढत होती की नाही, मला कळलं नव्हतं.

नमाज झाली. मी सलाम फिरवला आणि शेजारी बघितलं, तर अम्मी अजून शेवटच्या सज्द्यात होती. दारावर थापा पडत होत्या, दुल्हनला आणा म्हणून. ती उठेना. थांबू द्या त्यांना, असं मला वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यापासून दूर जायचं अगदी जिवावर आलं.

शेवटी ती उठली, तिनं सलाम फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"झाली ना मगरिब?" ती म्हणाली. "आता हस, किती मोठ्यानं हसायचं तेवढ्या मोठ्यानं."

मला हसू येईना. मग तीच हसली, डोळे पुसत, आणि माझा हात धरून तिनं दाराची कडी काढली.